अंगठा लावणार नाही

मी चौथी पास आहे. पाचवीत गेले नाही, कारण पाचवीची शाळा गोल बाजाराच्या पलीकडे होती आणि आमच्या घरातल्या मुली एकट्यानं बाजार ओलांडत नसत. सोबत जायला कोणाला वेळ नव्हता. एवढंच कारण. कोणी मेलं नव्हतं, घर जळलं नव्हतं. मधे एक बाजार होता म्हणून माझं शिक्षण संपलं. पुढे चाळीस वर्षं त्याच बाजारातून मी पातेली, चादरी आणि लोकांच्या लग्नाचे बस्ते एकटीनं वाहून आणले, तेव्हा कोणी अडवलं नाही.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड या चौथीवरून झाली.

नवीन राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं होतं. म्हणजे जुन्या पाट्या उतरल्या, नव्या चढल्या, आणि ज्या रस्त्यांवर गाई बसायच्या तिथून लाल दिव्याच्या गाड्या जायला लागल्या. गाईंनी जागा सोडली नाही ती गोष्ट वेगळी. बी.एड.ची कॉलेजं तर अशी निघाली की एक आमच्या ओळखीच्या मंगल कार्यालयातच निघालं. खाली वर्ग, वर वऱ्हाडाच्या खोल्या.

माझी नात त्या वर्षी बी.ए. झाली. मुलाची मुलगी. तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, त्यामुळे तिला मी वाढवली. वाढवली म्हणजे जेवू घातलं, वेणी घातली आणि खोटं बोलली की धपाटा दिला. तिला मास्तरीण व्हायचं होतं. लहानपणी दाराला खडूनं लिहायची, मी पुसायची, ती परत लिहायची. बी.एड.ला तिचा नंबरही लागला. पण फी ऐकून माझ्या मुलानं हात वर केले. तो सिमेंट-लोखंडाच्या दुकानात नोकरीला होता. वाईट माणूस नाही, पण दर महिन्याच्या वीस तारखेनंतर त्याचं तोंड आंबट होतं.

"बी.ए. झाली, पुष्कळ झालं," तो म्हणाला. "आता स्थळं पाहू."

"स्थळं पळून चालली का?" मी म्हटलं.

मग नातीनं एक फॉर्म आणला. समता कॉलोनीत एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर एका न्यासाचं ऑफिस होतं. कोणा मुलांनी आपल्या आईच्या नावानं पैसा ठेवला होता. ती आई शाळेत गेली नव्हती, म्हणून शिष्यवृत्ती फक्त शिक्षिका व्हायला निघालेल्या मुलींना, आणि त्यातही अशा मुलींना, ज्यांना वाढवणारी बाई प्राथमिकच्या पुढे शिकलेली नाही. पूर्ण फी भरणार. बदल्यात मुलीनं दोन वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवायचं. मुलाला ती खेड्याची अट खुपली. मला तीच आवडली. फुकटचं काही घेऊ नये.

नातीनं फॉर्म वाचून दाखवला. एका ओळीत लिहिलं होतं की वाढवणाऱ्या बाईच्या शिक्षणाचा पुरावा जोडा.

"आजी, आपका कोई सर्टिफिकेट है क्या?" आमची नात मराठी सगळं समजते, बोलते हिंदी. तिच्या पिढीतली सगळी तशीच.

"सर्टिफिकेट नाही. पण शाळा आहे," मी म्हटलं. "चाल."

पुरानी बस्तीतली माझी शाळा जागेवर होती. कौलं जाऊन वर स्लॅब आला होता. बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, माझ्या मुलापेक्षा लहान. तिनं आधी म्हटलं की इतकं जुनं रजिस्टर मिळणार नाही. मी म्हटलं, "मग मी बसते," आणि बसले. दुपारपर्यंत बसल्यावर तिनं चपराशाला पाठवून लाल कापडात बांधलेले गठ्ठे काढवले. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. नातीनं पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून थांबली. मी चष्मा लावला. माझं नाव, वडिलांचं नाव, आणि पुढे चौथी उत्तीर्ण, क्रमांक दुसरा.

"दादी, आप तो सेकेंड आई थीं," बडी बहनजी म्हणाली.

पहिला आला तो मालगुजाराचा मुलगा. त्याची पाटी मी लिहून देत असे. हे तिथे बोलले नाही, इथे लिहून ठेवते.

बहनजीनं उतारा काढून सही-शिक्का मारून दिला. तो घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी समता कॉलोनीत गेलो. शेवटची तारीख शनिवार होती, तो दिवस बुधवार. ऑफिसातल्या बाबूनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला, उतारा पाहिला, माझं रेशनकार्ड पाहिलं, परत उतारा पाहिला.

"अम्मा, ये किसका कागज है?"

"मेरा."

"आपका नाम तो ये है." त्यानं कार्डावर बोट ठेवलं. "इसमें तो कोई और लड़की है."

"वो लड़की मैं ही हूं. हमारे में शादी के बाद नाम बदलता है."

"सरनेम बदलता है, वो तो सबका बदलता है."

"नाम भी बदलता है."

"पूरा का पूरा?" तो पलीकडच्या टेबलाकडे वळला. "सुनो भैया, इनके में बहू का नाम ही बदल देते हैं!"

पलीकडचा म्हणाला, "अच्छा है, उधारी वाले ढूंढ़ नहीं पाते होंगे." दोघं हसले. मी हसले नाही.

आमच्यात हे असंच होतं. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझं नवं नाव सासूनं ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं. पहिले दोन महिने त्या नावानं हाक मारली की मी ओ देत नसे आणि सासूला वाटे, सून बहिरी पदरात पडली. सासरची माणसं विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली, माझ्या माहेरची कोणाची ओळखदेख नाही. पाच-सहा वर्षांत माहेरीही नवंच नाव रुळलं. आईवडील गेले, भाऊ गेला, आणि जुनं नाव घेणारं कोणी उरलं नाही. ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला त्यांचं काही काम नाही.

"शादी का कोई कागज?" बाबूनं विचारलं.

"चावल में लिखा था. वो चावल पका के खा लिए."

आता तो हसला नाही. खरं तर त्याला मदत करायची होती. मुलीचे मार्क चांगले होते, बाकी कागद पूर्ण होते. तो टेबलावर पुढे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, एक रास्ता है. प्रमाणपत्र की झंझट ही छोड़ो. जो स्कूल गई ही नहीं, उससे हम कागज मांगते ही नहीं. मैं 'अनपढ़' लिख देता हूं, आप यहां अंगूठा लगा दो. आज ही फाइल आगे."

फॉर्मवर जागा दाखवायला त्यानं पेन्सिलनं फुली केली आणि शाईचा डबा उघडून माझ्याकडे सरकवला. नातीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत इतकी सुटका दिसली की मला तिचा राग आला.

"मैं अंगूठा नहीं लगाऊंगी," मी म्हटलं.

"क्यों?"

"मुझे लिखना आता है."

"अम्मा, ये बात कौन देखने आ रहा है?"

"मैं बैठी हूं ना इधर. मैं देख रही हूं."

त्यानं डबा बंद केला. शनिवारी पाच वाजेपर्यंत कोणी असा माणूस आणा, म्हणाला, जो तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखतो. घरचा नको, बाहेरचा.

घरी पोचल्यावर नात बापासमोर सगळं बोलली.

"आई, काहून अडून बसली तू?" मुलगा म्हणाला. "पोट्टीचं नुकसान करून राहिली. एक अंगठा त होय. लावला, पुसला, संपलं."

"तुले येते लिहिता. तू लाव उद्या दुकानात, पगार घेताना. सगळ्यायसमोर."

"माझी गोष्ट वेगळी हाय."

"कशी वेगळी? तू बारावी नापास, मी चौथी पास. पास कोण हाय?"

तो जेवायला बसला. नात मात्र उभीच राहिली. ती म्हणाली, "आजी, आपको लिखना आता है, ये मुझे पता है, पापा को पता है, पूरे मोहल्ले को पता है. उस एक कागज को क्यों पता होना चाहिए?"

बरोबर प्रश्न होता. मी म्हटलं, "माणसं मरते. कागदच राहते. त्याच्यात मी अंगठेबहाद्दर राहू का?"

"और मेरा बी.एड. डूबेगा तो चलेगा?"

"आजीचा खोटा अंगठा घेऊन तू पोट्टेपोट्टींना काय शिकवशील?"

"तुमच्या चौथीसाठी माझं बी.एड. बुडेल," ती म्हणाली. हे ती मराठीत बोलली. फार राग आला की मराठीत बोलते.

ज्याला लिहिता येत नाही त्यानं अंगठा लावावा, त्यात लाज नाही. माझ्या आईनं जन्मभर लावला. पण आईनं मला शाळेत घातलं तेव्हा माझी आजी तिच्याशी महिनाभर बोलली नव्हती. त्या चार वर्षांची किंमत माझ्या आईनं मोजली होती, आणि मी ती अर्ध्या मिनिटात शाईत बुडवायची? कशासाठी, तर बाबूची फाइल पुढे सरकावी म्हणून. पण हेही खरं की नातीचं ते वाक्य मला लागलं. वर्ष हुकलं असतं तर तिच्या बापानं पुढच्या वैशाखात तिला उजवली असती, आणि मग मी खरी होते की खोटी याला कोणी विचारलं नसतं. मला ते ठाऊक होतं. तरी अंगठा लावणार नव्हते.

गुरुवारी सकाळी भाजी आणायला गेले आणि कोपऱ्यावर पोचताच स्वतःच्या अकलेवर चिडले. माझा साक्षीदार तिथे रोज पोत्यावर बसून मला भेंडी विकत होता.

ती माझी भोजली. छत्तीसगढी मुली श्रावणात टोपलीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे अंकुर वाजतगाजत तलावात सोडतात. त्यालाच भोजली म्हणतात. त्यातले चार अंकुर दोन मुलींनी एकमेकींच्या कानावर खोचले की त्या जन्माच्या भोजली होतात. सख्ख्या बहिणीहून जवळच्या. आम्ही दोघी तिसरीत असताना झालो. ती तिसरीनंतर शाळा सोडून आईबरोबर भाजी विकायला बसली, ती अजून बसली आहे. माझं लग्न झालं तेव्हा मांडवात होती. सासरी गेले तरी मी याच गावात, याच कोपऱ्यावर भाजीला. तिच्याइतकं दोन्ही बाजूंनी मला कोणीच पाहिलेलं नाही.

"का होगे भोजली? मुँह काबर ओथरे हे?" तिनं विचारलं. तोंड का लटकलंय म्हणून.

मी सगळं सांगितलं. ती भेंडी तोलता तोलता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हव, चलहूं." येईन. आणि दोन भेंड्या जास्तीच्या टाकल्या.

शनिवारी आम्ही तिघी समता कॉलोनीत गेलो. भोजलीनं नवीन लुगडं नेसलं होतं आणि ऑफिसच्या दाराशी चपला काढल्या, मी नको म्हणत असताना. बाबूनं तिला खुर्ची दिली.

"दाई, इनको पहचानती हो?"

"काबर नइ चिन्हहूं? मोर भोजली आय." का नाही ओळखणार?

"बचपन से?"

"हव."

"शादी के पहले इनका नाम क्या था?"

भोजली गप्प.

"दाई, नाम बताओ."

"भोजली."

"वो तो रिश्ता हुआ. नाम?"

भोजलीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "भोजली के नाव नइ लेवन. पाप परथे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोजलीचं नाव घ्यायचं नसतं. कान धरून शपथ होते. जन्मभर ती मला भोजली म्हणाली, मी तिला भोजली म्हटलं. साक्षीदार आणला तोही असा, जो माझं नाव सोडून सगळं सांगू शकेल. ही चूक दुसऱ्या कोणाला करताच आली नसती. बाबू छत्तीसगढीच होता, त्याला ही रीत माहीत असणार. त्यानं पेन खाली ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते.

"भोजली दाई, एक बार बोल दो. मेरे लिए," नात म्हणाली.

भोजली रडायला लागली. तिला पोरीसाठी वाईट वाटत होतं, पण शपथ मोडवत नव्हती. मी तिच्यावर जोर केला नाही. मी माझ्या अंगठ्यासाठी अडले होते, मग तिला कोणत्या तोंडानं सांगू की तू तुझी शपथ मोड?

बाबूनं तिच्याकडे पाहून सहज म्हटलं, "और ये तो लिख भी नहीं सकतीं, नहीं तो—"

"कोन कहिस?" भोजली म्हणाली. कोण म्हणालं?

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"तीसरी पढ़े हंव," ती म्हणाली. "मुँह ले नाव नइ लेवंव. लिखे के किरिया नइ खाए हंव." तोंडानं नाव घेणार नाही, पण न लिहायची शपथ मी घेतलेली नाही.

बाबूनं आधी माझा उतारा फाइलखाली सरकवून झाकला. तेवढी हुशारी त्याच्यात होती. मग जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून तिच्यासमोर ठेवलं. तिनं पेन मुठीत धरलं, खुरपं धरावं तसं. एकेक अक्षर बोराएवढं, वरची रेघ प्रत्येकाची वेगळी. इतका वेळ लागला की पलीकडच्या टेबलावरचा माणूस उठून मागे येऊन उभा राहिला. आधी माझं नाव. मग माझ्या वडिलांचं नाव. मग थांबेल असं वाटलं, पण ती थांबली नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली आणि पान ढकलून दिलं.

बाबूनं उतारा काढून शेजारी ठेवला. दोन्ही नावं जुळली. मग त्यानं खालची ओळ मोठ्यानं वाचली, "मोर सिलेट फोरे रिहिस."

माझी पाटी हिनं फोडली होती, असं भोजलीनं माझ्याबद्दल लिहिलं होतं.

"तूच आधी माझ्या केसांत गोखरू टाकले होते," मी म्हटलं.

"तैं मोर आमा खाए रेहे!" मी तिचा आंबा खाल्ला होता, म्हणे.

"अम्मा, बस," बाबू म्हणाला. "मान गए. लड़की आप ही हो." पलीकडचा इतका हसला की त्याला खोकला आला.

साक्षीदाराच्या जागी भोजलीची खूण हवी होती. बाबूचा हात सवयीनं शाईच्या डब्याकडे गेला. तो हवेतच थांबला आणि परत आला. त्यानं पेन दिलं. भोजलीनं सही केली. नंतर बाहेर तिनं सांगितलं की रेशनच्या दुकानात, बँकेत, मुलाच्या घराच्या कागदावर, सगळीकडे आजवर तिचा अंगठाच घेतला.

"तू काही बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"कोनो पूछिस नइ," ती म्हणाली. कोणी विचारलंच नाही.

माझी सही राहिली होती. फॉर्मवर पेन्सिलची ती फुली अजून होती. मी रबर मागितलं. रबर नव्हतं, म्हणून फुलीच्या वरूनच सही केली. आधी जुनं नाव, मग नवं. बाबू म्हणाला एकच पुरे. मी म्हटलं, दोन्ही राहू द्या, नाहीतर उद्या तुम्हीच विचाराल की ही दुसरी कोण.

शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा म्हणाला, "अंगठा लावला असता त बुधवारीच झालं असतं." त्याला अजून तसंच वाटतं. वाटू दे.

नात बी.एड. झाली, ठरल्याप्रमाणे दोन वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवलं, आणि दोन वर्षं संपल्यावरही तिथून आली नाही. बापानं पुष्कळ बोंब मारली. जूनमध्ये पोरांचं नाव घालायला बाया येतात, टेबलापाशी आल्या आल्या आपणहून अंगठा पुढे करतात. ती म्हणते, मी आधी विचारते, दाई, लिखे बर आथे का? लिहिता येतं का? दहातल्या एखाद-दुसरीला येतं. शाईचा डबा तिनं कपाटात ठेवला आहे, असं सांगते. मी जाऊन पाहिलेलं नाही. बस दोनदा बदलावी लागते.